निळ्या गाडीची साक्ष

कोतो लावे, सोलोक
६ ऑगस्ट १९८४

आदरणीय मामा दातुक यांना,

सलाम. डोळ्यावरची पट्टी निघाली आणि तुम्ही स्वतःच्या हाताने पत्र लिहू लागलात, हे वाचून आमच्या आईने, अमाकने, दुवा मागितली. दुवा संपते न संपते तोच म्हणाली, "आता त्याला दिसायला लागलंय ना, मग गाडीचं लिही."

तर गाडीचे लिहिते. ईद झाल्यावर काही आठवड्यांनी तुमच्या निळ्या गाडीतून एक आवाज येऊ लागला आहे. गाडी उभी असून इंजिन चालू असले की खालून टोक-टोक ऐकू येते, कुणी लाकडी पेटी आतून ठोकावी तसे. वेग घेतला की तो विरून जातो. चौकातला कॉफीवाला म्हणतो, "दातुकांची गाडी बोलायला लागली. मालकाकडूनच शिकली असणार, एकदा सुरू झाली की थांबत नाही." गाडीत दुसरी काही खोट नाही. उलट चढावर ती पूर्वीपेक्षा बरी चढते. अमाक म्हणते, रमजानात गाडीनेही रोजे धरले, म्हणून हलकी झाली.

हसण्यावारी नेण्यासारखे मात्र नाही. अमाकच्या पोटातली गाठ वाढली आहे. पादांगच्या इस्पितळात वीस सप्टेंबरला शस्त्रक्रिया ठरली आहे. बसमध्ये तिला बसवत नाही, आडवे पडूनच जावे लागेल, आणि मागच्या आसनावर आडवे पडता येईल अशी गावात एकच गाडी आहे. सितिंजाउचा घाट तुम्हाला माहीत आहे. या आवाजासकट तिला त्या उतारावरून न्यावे का, एवढेच सांगा. तुम्ही म्हणाल तसे करू.

तुमची भाची,
रोसमानियार

*

बांडुंग
१५ ऑगस्ट १९८४

प्रिय रोस,

पत्र पोहोचले. बहिणीच्या प्रकृतीबद्दल इथे बसून हळहळण्याने तिला काही लाभ नाही. म्हणून थेट प्रश्नाकडे वळतो.

आवाज हा साक्षीदार असतो. धर्मन्यायालयात मी आयुष्य घालवले, त्यातून एक गोष्ट पक्की झाली: साक्षीदाराला त्याचे मत विचारू नये, त्याने काय पाहिले ते विचारावे. "पेटी ठोकल्यासारखे" हे तुझे मत झाले. मला पुढील गोष्टी पाहून कळव.

पहिली: इंजिन थंड असताना आणि तापल्यावर आवाजात फरक पडतो का? थंड असताना मोठा आणि तापल्यावर लहान होत असेल, तर पिस्टन झिजले आहेत; ते म्हातारपण आहे, संकट नाही.

दुसरी: इंजिन चालू असताना एकेका प्लगची तार जाड कोरडे फडके धरून काढायची आणि परत लावायची. एखादी तार काढताच आवाज दबला, तर त्या पिस्टनचा दांडा सैल आहे. मग गाडी फाटकाबाहेरही न्यायची नाही.

तिसरी: गाडी उभी असताना क्लच दाबून धरायचा. आवाज राहतो की जातो?

चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची: मी गाव सोडल्यापासून इंजिन किंवा क्लच कुणी उघडला आहे का? गाडी मी घराला दिली, ती आता घराची सामाईक वस्तू आहे, आणि घराण्याचा प्रमुख, दातुक, या नात्याने माझ्या लेखी शब्दाशिवाय तिला पाना लावायचा नाही असे मी सांगून आलो होतो. तरीही विचारून घे. नियम केला म्हणजे तो पाळला गेला, असे सिद्ध होत नाही.

कॉफीवाल्याला सांग, मालक बोलायचा थांबत नाही हे खरे, पण उगाच बोलत नाही.

तुझा मामा,
दातुक मांगकुतो

*

कोतो लावे
२४ ऑगस्ट १९८४

आदरणीय मामा दातुक,

तुमचे पत्र माझ्या भावाने, जुफ्रीने, सगळ्यांसमोर वाचले. सांगितलेले सर्व दुसऱ्याच दिवशी केले. माझे यजमान उदा बुस्तामी गाडीत बसले, तारा जुफ्रीने काढल्या, आणि मी बॉनेटपाशी कान देऊन उभी राहिले. शेजारणी कुंपणाशी जमल्या होत्या. एक म्हणाली, "डॉक्टरीणबाई, नाडी लागते का?"

थंड आणि तापलेले, दोन्ही वेळा आवाज सारखाच. तार कोणतीही काढा, इंजिन अडखळते, पण आवाज तसाच. क्लच दाबला की मात्र एकदम शांत. पाय उचलला की परत टोक-टोक. मी उदांना तीन वेळा करायला लावले, तिन्ही वेळा तेच.

चौथ्याबद्दल: मी घरातल्या सगळ्यांना विचारले. अमाकला, धाकट्या मावशीला, जुफ्रीला. गाडी कुणीच उघडलेली नाही. जुफ्रीने तर कुराणाची शपथ घेतली. मी मागितलीही नव्हती. रमजानात एकदा लुबुक सेलासिहच्या वाटेवर पंक्चर झाले होते, त्या दिवशी उदांचा रोजाही वाटेतच सुटला, रात्री ते काळ्या नखांनी घरी आले. अमाकने त्यांच्यासाठी रेंदांग झाकून ठेवले होते, ते मांजराने उघडले. एवढीच काय ती उघडाउघड.

अमाकच्या अंगात आता रोज संध्याकाळी कणकण असते. तांदूळ निवडताना तिचा हात मध्येच थांबतो. उदांना विचारले, तुम्हाला काय वाटते, न्यावे का? ते म्हणाले, "मामा दातुक सांगतील ते बरोबरच असेल." तुम्ही त्यांना ओळखता. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण अजून आमच्या घरात पाहुण्यासारखे कडेला बसतात.

तुमच्या उत्तराची वाट पाहते.

रोस

*

बांडुंग
२ सप्टेंबर १९८४

प्रिय रोस,

तुझी उत्तरे स्वच्छ आहेत. त्यांवरून निष्कर्ष काढता येतो, तो पायरीपायरीने मांडतो. म्हणजे कुणी शंका घेतली तर तुला पत्र पुढे करता येईल.

इंजिन थंड असो वा तापलेले, आवाज बदलत नाही. म्हणून तो पिस्टनचा नाही. तार काढल्याने दबत नाही. म्हणून दांड्याचा नाही. क्लच दाबताच जातो. म्हणून त्याचे मूळ इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यात आहे. तिथे दोनच गोष्टी संभवतात. एक, गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग झिजलेले असणे. क्लच दाबला की ते फिरायचे थांबते आणि गप्प बसते. असे बेअरिंग कुरकुरत वर्षभर चालते. दुसरी, फ्लायव्हील सैल असणे. ते इंजिनच्या शेवटाला बसवलेले जड लोखंडी चाक. ते सैल झाले तर गाडी एक पाऊलही चालवण्याजोगी राहत नाही, आणि उतारावर तर मुळीच नाही.

दोन्हींची लक्षणे सारखी असली तरी दोन्हींची शक्यता सारखी नाही. फ्लायव्हीलचे बोल्ट कारखान्यात पत्र्याच्या कुलपांनी बंद केलेले असतात. ते आपोआप सुटत नाहीत. कुणी काढून पुन्हा बसवले असतील तरच सुटतात. गाडी कुणीही उघडलेली नाही. यास्तव फ्लायव्हील सैल नाही. यास्तव आवाज बेअरिंगचा आहे.

याहून आणखी एक परीक्षा आहे, पण वरील कारणाने ती अनावश्यक ठरते, आणि नवख्या हातांना ती करायला लावणे मला प्रशस्त वाटत नाही. पंक्चरचा मजकूर अप्रस्तुत आहे.

बहिणीला त्याच गाडीतून न्या. गिअर खालचा ठेवा, ब्रेक तापवू नका. घरात सर्वांसमक्ष हे पत्र वाचून दाखव, म्हणजे ऐनवेळी फाटे फुटणार नाहीत.

दातुक मांगकुतो

*

पादांग
२६ सप्टेंबर १९८४

मामा दातुक,

अमाकची शस्त्रक्रिया झाली. गाठ निघाली. डॉक्टर म्हणतात, आठवडा उशीर झाला असता तर ती आत फुटली असती. काल तिने भाताची पेज घेतली. हे आधी लिहिते, कारण पुढचे वाचताना तुम्ही तिची काळजी करू नये.

हे पत्र मी इस्पितळाच्या ओवरीत बसून लिहिते आहे. अमाक बायकांच्या विभागात आहे, आणि उदा पुरुषांच्या. त्यांचा डावा पाय घोट्याच्या वर कापावा लागला.

आता क्रमाने सांगते, तुम्हाला आवडते तसे.

निघायच्या दिवशी पहाटे दारात कोबीचा ट्रक येऊन उभा राहिला. उदांनी आदल्या संध्याकाळी जाऊन ठरवला होता. मला सांगितले नव्हते. कोबीवर घोंगड्या, घोंगड्यांवर आमची गादी. मी सगळ्यांसमोर त्यांना बोलले. म्हटले, "मामांचं पत्र वाचलंय ना तुमच्यासमोर? गाडी ठीक आहे म्हणून लिहिलंय. आणि माझ्या आईला कोबीवर घालून नेता?" मावशी म्हणाली की परक्या गावचा सुमांदो, बायकोच्या घरी राहायला आलेला जावई आहे, त्याला काय, स्वतःच्या आईला त्याने असं नेलं असतं का? उदांनी मान वर केली नाही.

"पत्र बरोबरच आहे," ते म्हणाले. "ट्रकमध्ये आईंना पाय लांब करता येतील. गाडी मी मागून घेऊन येतो, परतताना लागेल."

अमाक उंबऱ्यात टेकून उभी होती. ती म्हणाली, "कोबी या पोरीच्या जिभेपेक्षा मऊ आहे. चढवा मला."

म्हणून आम्ही ट्रकने गेलो. मी अमाकचे डोके मांडीवर घेऊन मागे तोंड करून बसले होते. निळी गाडी सबंध रस्ताभर दूर अंतर राखून येत होती. लुबुक सेलासिहला आम्ही थांबलो, तेव्हा तेही लांबच थांबले. घाट उतरताना एका वळणावर मोठा आवाज झाला. टोक-टोक नव्हे. मी पाहिले तेव्हा गाडी डोंगराच्या बाजूला जाऊन भिंतीला टेकत घासत चालली होती, आणि मग थांबली. दुसऱ्या बाजूला दरी होती. त्यांनी चाक डोंगराकडे वळवले होते.

फ्लायव्हील सुटून पायाखालचा पत्रा फाडून वर आले होते.

भूल उतरल्यावर त्यांनी मला सांगितले. रमजानात अमाकला तपासायला नेले होते, तेव्हा परतताना चढावर क्लच घसरू लागला. गाडी मागे सरकत होती, अमाक मागे झोपली होती, तिला कळले नाही. त्यांनी कशीबशी घरी आणली. पुढची तपासणी दहा दिवसांवर होती. तुम्हाला पत्र लिहून उत्तर यायला वेळ नव्हता, आणि सुमांदोने घराच्या वस्तूला हात लावावा असा शब्द तुमच्याकडून नव्हता. म्हणून पंक्चर झाले असे सांगून लुबुक सेलासिहच्या बाजारामागे एका गॅरेजात नवा क्लच बसवून घेतला. तिथे फ्लायव्हील काढून घासले होते. परत बसवताना बोल्टची कुलपे जुनीच वापरली असावीत असे ते आता म्हणतात. तेव्हा त्यांना त्यातले काही कळत नव्हते. तुमचे शेवटचे पत्र जुफ्रीने वाचले, "कुणी काढून पुन्हा बसवले असतील तरच," तेव्हा कळले.

मी विचारले, "मग तेव्हाच का नाही बोललात?"

ते म्हणाले, "मामा दातुकांनी घरातल्यांना विचारायला सांगितलं होतं."

त्यात टोमणा नव्हता, मामा. टोमणा असता तर बरे झाले असते. मी तुम्हाला लिहिले होते, घरातल्या सगळ्यांना विचारले. ते मी खोटे लिहिले नव्हते. मी अमाकला, मावशीला, जुफ्रीला विचारत होते, तेव्हा उदा त्याच चटईवर बसून शिवायला घेतलेल्या शाळेच्या गणवेशांना बटणे लावत होते. मी त्यांच्यावरून हात नेऊन दिवा पुढे ओढला. त्यांना विचारायचे माझ्या मनातही आले नाही.

तुम्ही मला काय लिहाल ते मला ठाऊक नाही. पण काहीतरी लिहा.

रोसमानियार

*

बांडुंग
५ ऑक्टोबर १९८४

प्रिय रोस,

बहीण वाचली, हे त्या माणसाच्या कोबीच्या ट्रकामुळे. माझ्या पत्राप्रमाणे वागला असतात तर ती निळ्या गाडीत असती. हे वाक्य मी मुद्दाम पहिल्यांदा लिहिले आहे, कारण घरात कुणीतरी लवकरच असे म्हणेल की दातुकांनी सांगितले आणि सर्व पार पडले. असे कुणी म्हटले, तर त्याला हे पत्र वाचून दाखव. मागचे पत्र सर्वांसमक्ष वाचले गेले. हेही तसेच वाचले जावे.

तुला दोष देऊन मी स्वतःचा भार कमी करणार नाही. "घरातल्या सगळ्यांना" हे शब्द मी वाचले, आणि तू ज्यांना मोजलेस त्यांनाच मीही मोजले. चौथे नाव का नाही, असा प्रश्न ज्या माणसाने आयुष्यभर साक्षीपुरावे तपासले त्याला पडायला हवा होता.

साक्ष तुझ्या पहिल्याच पत्रात होती. गाडी चढावर बरी चढते. म्हातारी गाडी आपोआप तरुण होत नाही. म्हणजे कुणीतरी तिच्यात काहीतरी नवे घातले होते. मी ते बहिणीच्या विनोदासोबत बाजूला ठेवले. काळ्या नखांचाही उल्लेख होता. त्यावर मी "अप्रस्तुत" असा शेरा मारला.

सोबतचे बंद पाकीट बुस्तामींसाठी आहे. ते तू उघडू नकोस, आणि मोठ्याने वाचायला जुफ्रीकडेही देऊ नकोस. मामाने सुमांदोला थेट पत्र लिहायची आपल्याकडे रीत नाही, बहिणीच्या किंवा भाचीच्या तोंडून निरोप जातो, हे मला तुझ्याइतकेच माहीत आहे.

मामा

*

बांडुंग
५ ऑक्टोबर १९८४

श्री. बुस्तामी यांस,

हे पत्र वाचून तुम्हाला अवघडल्यासारखे होईल. मलाही होत आहे. तरी लिहितो.

मी माझे अनुमान पुन्हा तपासले. त्याच्या पायऱ्यांत चूक नाही. ज्या आधारावर ते उभे होते, "गाडी कुणीही उघडलेली नाही," तो आधार खोटा होता, आणि तो खरा की खोटा हे जगात एकाच माणसाला ठाऊक होते. त्या माणसाला मी विचारले नाही. विचारण्याची वाट नव्हती म्हणून नव्हे. आमच्यात म्हण आहे, सुमांदो म्हणजे जळक्या खुंटावरची राख, फुंकर आली की उडते. ही म्हण मी अनेक सभांत, अनेक भाषणांत सांगितली आहे, आणि लोक हसले आहेत. राखेला कुणी साक्षीला बोलावत नाही.

एका परीक्षेबद्दल मी लिहिले होते की ती अनावश्यक आहे. ती अशी: उभ्या गाडीचे इंजिन किल्लीने बंद करायचे, आणि ते थांबायच्या आत किल्ली पुन्हा फिरवायची. फ्लायव्हील सैल असेल तर त्या क्षणी एक स्पष्ट ठोका ऐकू येतो. त्याला हत्यार लागत नाही. ही परीक्षा मी तुमच्या हाती दिली असती, तर तुम्हाला कुणाविरुद्ध एक शब्दही बोलावा लागला नसता. गाडीच बोलली असती. स्वतःच्या निष्कर्षावरचा विश्वास मी तुमच्या पायाने तपासला.

आता तुम्हालाच विचारतो. घरातल्या कुणाच्या मार्फत नाही.

धोका कळल्यावर तुम्ही आईंना ट्रकात बसवले, हे समजले. मग गाडी का चालवली? ती अंगणात उभी राहू शकली असती.

रमजान येण्याआधी मी गावी येणार आहे. डॉक्टर नको म्हणतात. त्यांची कारणे मी ऐकली, ती पुरेशी नाहीत. मी दारातून आत येईन तेव्हा रीतीप्रमाणे तुम्ही उठून उभे राहायला हवे. कुणाचा हात धरून, भिंतीला टेकून उठायचा प्रयत्न करू नका. त्या दिवशी तुम्ही बसलेले असाल आणि मी तुमच्या चटईवर येऊन बसेन. कुणी काही म्हटले तर मी आहे.

दातुक मांगकुतो

*

कोतो लावे
२७ ऑक्टोबर १९८४

आदरणीय मामा दातुक यांना,

सलाम. पत्र मिळाले. मला असे लिहायची सवय नाही, चुकले तर माफ करा.

तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो. तुमचे पत्र घरात वाचले गेले होते. गाडी अंगणात उभी राहिली असती, तर येणाऱ्याजाणाऱ्याने म्हटले असते, दातुकांचा शब्द त्यांच्याच घरात मोडला, आणि तोही सुमांदोने. उद्या जुफ्रीच्या लग्नाचा, भाताच्या जमिनीचा वाद निघाला, की हेच काढले असते. आई ट्रकात आणि गाडी रस्त्यावर, एवढे केले की आई सुखरूप राहत होत्या आणि शब्दही राहत होता. मधे एक माणूस राहत होता, पण तो माझा मी होतो. अंतर ठेवून चालवत होतो, म्हणजे काही झाले तर ट्रकावर जाऊ नये. मला वाटले होते, घाट उतरेपर्यंत टिकेल. तेवढेच माझे अनुमान चुकले.

शिवणयंत्राची काळजी करू नका. त्याला एक पाय पुरतो, ठेका बसायला वेळ लागतो एवढेच. रोस म्हणते, आता यंत्राचाही आवाज बदलला, मामांना कळवायला हवे.

तुम्ही गाडी उघडल्याबद्दल मला काही बोलला नाहीत. बोलायला हवे होते. शब्द न घेता मी घराच्या वस्तूला हात लावला, ते चुकीचेच होते. पण आई मागे झोपलेल्या असताना गाडी मागे सरकत होती, तेव्हा मला ती घराची वस्तू वाटली नाही. माझीच वाटली. हेही लिहून टाकतो, कारण तुम्ही विचारल्याशिवाय राहणार नाही.

आईंना घरी येऊन दोन आठवडे झाले. काल भंगारवाला आला होता. निळी गाडी ओढून आणून शाळेमागे ठेवली आहे, ती नेतो म्हणाला. मावशी म्हणाल्या, नेऊ दे, ती पांढऱ्या पायाची आहे. जुफ्री म्हणाला, इंजिन ठेवू, बाकी देऊ. दोघे बराच वेळ बोलत होते. मी बटणे लावत होतो.

आई म्हणाल्या, "थांबा. घरातल्या सगळ्यांना विचारल्याशिवाय काही द्यायचं नाही." आणि त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मला आधी कळले नाही. मग रोसने दिवा माझ्याकडे सरकवला.

मी म्हणालो, "मामा दातुक येईपर्यंत राहू द्या. त्यांना ती उघडून बघू दे."

गाडी जागेवर आहे. या.

बुस्तामी